बाळाची झोप आणि दोन बाळांतले अंतर



बाळाला दूध कसे पाजावे, लस कधी टोचावी, हे नर्सबाई आणि आशाताई आपल्याला सांगतात. पण बाळाला निजवावे कसे, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. "त्यात काय विचारायचे? बाळ आपोआप झोपते!" असे आपण म्हणतो.

तान्हे बाळ दिवसातले १६-१७ तास झोपेतच काढते. नाकावर पांघरूण आले तर ते त्याला दूर करता येत नाही. तोंड गादीत रुतले तर मान उचलता येत नाही. धडधाकट बाळ रात्री दूध पिऊन निजते आणि सकाळी उठतच नाही, असे कधी कधी घडते. मग कुणी म्हणते दृष्ट लागली, कुणी म्हणते सटवाईने नेले, तर कुणी त्या दुःखी आईलाच बोल लावते. अशा काही मृत्यूंचे कारण डॉक्टरांनाही सापडत नाही, पण बरेच मृत्यू टाळता येतात. पहिले ६ महिने धोका अधिक. त्यातही दुसरा ते चौथा महिना फार जपण्याचा.

१. बाळाला उताणे निजवा

रात्री असो की दुपारी, बाळाला पाठीवर निजवा. पालथे नको, कुशीवरही नको. कुशीवरचे बाळ सहज पालथे होते. "उताणे निजवले तर गुळणी घशात अडकेल," अशी घरातल्या वडीलधाऱ्यांना भीती वाटते. पण उताण्या बाळाची श्वासनळी अन्ननळीच्या वर असते, म्हणून वर आलेले दूध श्वासनळीत सहसा जात नाही. अमेरिकेत १९९२ साली डॉक्टरांनी पालकांना बाळाला पालथे न निजवण्याचा सल्ला दिला. पुढच्या दहा वर्षांत तेथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण निम्म्यावर आले. उपाय बिनपैशाचा आहे. बाळ जागे असताना मात्र त्याला थोडा वेळ पालथे खेळवा, आपण समोर बसा. त्याने मान धरायला मदत होते.

२. अंथरूण सपाट, डोके मोकळे

चटईवर घडी केलेली घट्ट गोधडी पुरे. मऊ गादी, लोड, उशी नको. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात. तीही झोपेत नको. निजवताना डोक्याची बाजू आलटून पालटून ठेवा. साडीची झोळी सोयीची खरी, पण झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. शेतात किंवा बांधकामावर झोळी बांधावी लागली, तर नजरेआड होऊ देऊ नका. रात्रभर झोळीत ठेवू नका.

३. ऊब द्या, पण कोंडू नका

पुण्याकडची थंडी बोचरी. म्हणून आपण बाळाला टोपडे, अंगडे, दुपटे आणि वर रजई घालतो. आपण जेवढे कपडे घालतो त्यापेक्षा एक कपडा जास्त, एवढे बाळाला पुरते. पांघरूण छातीपर्यंत ठेवून कडा अंथरुणाखाली खोचा. तोंड कधीही झाकू नका. बाळाची मान व पाठ घामेजली तर एक कपडा कमी करा. बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. आई व बाळ दोघांचाही जीव जातो.

४. आईच्या हाताशी, पण स्वतःच्या अंथरुणावर

बाळ आईजवळच हवे. रात्री पाजायला सोपे जाते. पण त्याचे अंथरूण वेगळे असावे. एकाच अंथरुणावर घ्यावे लागले तर बाळाच्या दुसऱ्या बाजूला थोरले मूल निजवू नका. दादा, दारू घेतली असेल तर बाळाशेजारी झोपू नका. घरात बिडी ओढू नका. पोटुशी बाईने मिश्रीही सोडावी, कारण तंबाखूने बाळ कमी वजनाचे होते.

५. झोपेसाठी औषध नको

पूर्वी मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बायका बाळ निजून राहावे म्हणून अफूची बाळागोळी देत. कामाची लाचारी होती ती, पण त्या गोळीने कित्येक बाळे गेली. आजही झोपेसाठी जायफळ उगाळून देतात. ६ महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नका.

पाळणा लांबवण्याचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. थोरले मूल वर्षाचे नाही तोच धाकटे आले, की आईचे अंग भरून आलेले नसते. अशा वेळी बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. झोपेतला धोका अशाच बाळांना जास्त. शिवाय एका खाटेवर दोन लेकरे, आणि रात्रंदिवस राबून डोळा न उघडणारी आई! तिने कुणाकुणाला जपावे?

म्हणून दोन मुलांत किमान ३ वर्षांचे अंतर ठेवा. ससूनला, कमला नेहरू रुग्णालयात किंवा तालुक्याला बाळंत झालात, तर घरी निघण्यापूर्वी विचारा. ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. अंगावर पाजणाऱ्या आईला छाया गोळ्या चालतात. अंतरा इंजेक्शन ६ आठवड्यांनंतर दर ३ महिन्यांनी घेता येते. निरोध तर केव्हाही. कुटुंब पूर्ण झाले असेल तर पुरुष नसबंदी सोपी आहे, ताकद कमी होत नाही. सरकारी दवाखान्यात हे सारे मोफत आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढू परिसरात गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन घरोघरी पाठवले. त्यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपल्या दारी आशाताई येते. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी बाळ पाहते. तिला बाळाचे अंथरूण दाखवा. सासूबाईंनाही जवळ बसवा; बाळाला बहुधा त्याच निजवतात.

ताबडतोब दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा :
• बाळ दूध ओढत नाही
• श्वास मिनिटाला ६० हून जास्त, छाती आत खेचली जाते
• अंग फार तापले किंवा गार पडले
• ओठ निळे पडले, बाळ मलूल झाले

आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी दोघांनी मिळून पाहा : बाळ उताणे आहे ना? तोंड मोकळे आहे ना? शेजारी उशी नाही ना?

बाळ उताणे, तोंड उघडे. तीन वर्षांनी पाऊल पुढे!