ऋतुमान आणि घरची सौरवीज

घरावर सौर पॅनेलें एकदां बसविलीं म्हणजे पुन्हां त्यांकडे पाहावयास नको, असा समज आमच्या बांधवांत पुष्कळ ठिकाणीं आढळतो. पेरणीपासून मळणीपर्यंत प्रत्येक काम ऋतु पाहून करणाऱ्यानें सूर्यावरच चालणारें यंत्र मात्र बारा महिने एकाच मापावर ठेवावें, हें नवल होय. यांत विजेचा तोटा थोडा, पण बॅटरीचा फार होतो. आणि बॅटरी हीच या सर्व सामानांत लवकर जाणारी व पुन्हां पुन्हां पैसा खाणारी वस्तु आहे.

प्रथम पॅनेलाच्या कोनाविषयीं. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हींचा सूर्य डोक्यापासून सुमारें ४२ अंश दक्षिणेस असतो. २१ जूनच्या सुमारास तोच डोक्याच्या ५ अंश उत्तरेस जातो. पॅनेल दक्षिणाभिमुख व १८ अंश कललेलें असल्यास या दोन्ही टोकांस मध्यान्हीं शेंकडा आठ-नऊ इतकीच तूट येते. सबब ज्यांचा सांगाडा पक्का आहे त्यांनीं तो बदलण्याच्या खटाटोपांत पडूं नये. तो हलविण्याजोगा असेल तर हस्त नक्षत्र सरल्यावर कोन ३० ते ३५ अंश करावा, आणि रेवती लागतांना, म्हणजे मार्चअखेर, तो ८ ते १० अंशांवर आणावा. (सण तिथीप्रमाणें मागेंपुढें होतात; हीं नक्षत्रें सूर्याचीं असल्यामुळें या कामीं तींच बरीं.) अगदीं सपाट मात्र ठेवूं नये, कारण मग पावसाचें पाणी निथळत नाहीं व माती कडेला सांचते. वळवाच्या वाऱ्यापूर्वी बोल्ट आवळून घ्यावेत.

कोनापेक्षां सावलीकडे अधिक लक्ष हवें. दहा फुटी भिंतीची सावली जूनांत भरदुपारीं फूटभरहि नसते. डिसेंबरांत तीच उत्तरेकडे नऊ फूट पसरते. उन्हाळ्यांत निर्धोक वाटलेली पाण्याची टाकी किंवा शेवग्याची फांदी हिंवाळ्यांत आड येते, ती अशी. पॅनेलाचा एक कोंपरा जरी झांकला गेला तरी त्या ओळीची वीज पुष्कळ घटूं शकते. म्हणून दिवाळीच्या आधींच फांद्या छाटाव्यात.

आतां बॅटरीकडे वळूं. शिशाची, आम्लाच्या पाण्याची बॅटरी उष्णतेनें बदलते. बारा व्होल्टांच्या बॅटरीस २५ अंश उष्णमानास १४.४ व्होल्ट भरणदाब योग्य धरला, तर दर अंशाच्या वाढीस सुमारें दोन ते तीन शतांश व्होल्ट कमी करावे लागतात. वैशाखांत खोलींत ४० अंश असतां तो १४ च्या आसपास हवा. नाहींतर पाणी उकळ्या आल्यासारखें उडून जातें व पट्ट्या झिजतात. उलट थंडींत खोली १५ अंशांवर आली कीं १४.६ ते १४.७ लागतो, न दिल्यास बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते. चार्ज कंट्रोलरला उष्णमान मोजणारी तार असेल तर तें काम आपोआप होतें. पण ती तार बॅटरीलाच चिकटविलेली आहे ना, हें पाहावें. ती भिंतीवर लोंबकळत असल्यास निरुपयोगी होय. आपल्या बॅटरीचे नेमके आंकडे तिच्या माहितीपत्रकांत असतात. तेच प्रमाण मानावेत. लिथियमच्या बॅटरीस वरील हिशेब लावूं नये.

उन्हाळ्यांत दर पंधरवड्यास डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी; विहिरीचें पाणी कधींहि घालूं नये. बॅटरी भरतांना जळणारा वायु सुटतो, म्हणून खोलीस खिडकी असावी व तेथें देवाची समई ठेवूं नये.

खरी कसोटी मृगापासून पुढें लागते. ढगाळ दिवशीं वीज नेहमींच्या एका हिश्श्यावर येते, खर्च मात्र तोच राहतो. अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, तर पट्ट्यांवर पांढरा थर धरतो व तिची धारणशक्ति कायमची जाते. यास्तव इन्व्हर्टर बॅटरी सोडून बाहेरच्या विजेवर जाण्याचा आंकडा ११.५ व्होल्ट असल्यास पावसाळ्यापुरता १२ च्या आसपास न्यावा, आणि आठवड्यांतून एकदां तरी बाहेरच्या विजेवर ती पूर्ण भरून घ्यावी. मिक्सर व पाण्याची मोटर दुपारच्या उघडिपींत चालवावी. रात्र दिव्यांसाठीं व मुलांच्या अभ्यासासाठीं राखावी. ऑक्टोबरांत आकाश स्वच्छ झालें कीं हा आंकडा पुन्हां पूर्ववत् करावा, एरव्हीं भरलेली बॅटरी असतांहि बाहेरच्या विजेचें बिल चढत जातें.