मंत्र विकायला बसण्याआधी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या २००३ सालच्या ३.५ आवृत्तीत मंत्रसेवेचा दर दिलाय: मंत्राची पातळी गुणिले टाकणाऱ्याची पातळी गुणिले दहा, इतक्या सोन्याच्या मोहरा. माझं पात्र, म्हणजे मंत्र टाकणारा पुजारी (क्लेरिक), पाचव्या पातळीला पोचला त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. तिसऱ्या पातळीचे दोन मंत्र १५०च्या दराने, दुसऱ्याचे तीन १००ने, पहिल्याचे चार ५०ने. रोजचे ८००! खाली दोनदा रेघ ओढली.

पुढच्या शनिवारी आमची टोळी एका वाडीत उतरली आणि मी चौकात दुकान मांडलं. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, नियमांवरूनच सांगितलं, नव्वद वस्तीच्या वाडीत सगळ्यांची मिळून रोकड ४५०. मजुराला दिवसाला चांदीचं एक नाणं मिळतं आणि अशा दहांची एक मोहर होते. म्हणजे माझा पहिल्या पातळीचा उपचार त्याच्या ५०० दिवसांच्या मजुरीचा. तरी मी हटलो नाही. घासाघीस करत, भाव पाडत संध्याकाळपर्यंत सगळे मंत्र विकले. ३४० मोहरा जमल्या. यात खेळाचा दीड तास गेला आणि बाकीचे तिघं मोबाइल बघत बसले.

रात्री गॉब्लिन आले. एका मित्राचा रेंजर पडला. त्याचे प्राणांक उणे आठ... उणे नऊ... रक्त थांबवायला मी औषधोपचाराचा फासा टाकला. पंधरा हवे होते. नऊ पडले, मग अकरा. उणे दहा म्हणजे मृत्यू. शून्य पातळीचा ‘क्युअर मायनर वून्ड्स’ एक जरी हाताशी असता तरी तो वाचला असता. तो मी सकाळी लोहाराला २० मोहरांना दिला होता.

मग त्याच तक्त्यात मी गिऱ्हाईक म्हणून बघितलं. मेलेल्याला उठवणारा ‘रेझ डेड’ पाचव्या पातळीचा, टाकणारा किमान नवव्या पातळीचा, म्हणजे ४५०. वर ५,००० मोहरांचा हिरा. आठ महिने खेळवलेल्या त्या रेंजरचा कागद मित्राने घडी करून बॅगेत ठेवला. मला एका शब्दाने बोलला नाही. ते मला आजही खातं.

म्हणून नव्या खेळाडूंना कळकळीने सांगतो. तो दर विकत घेणाऱ्यासाठी आहे, तो तुमचा पगार नाही. गिऱ्हाईक किती येणार, त्यांच्याकडे पैसा किती, हे डीएम ठरवतो. आधी त्याच्याशी बोला. नियमित कमाईच हवी असेल तर ‘प्रोफेशन’ कौशल्य घ्या: आठवड्याला एक फासा, येईल त्याच्या निम्म्या मोहरा. अठरा आले तर नऊ. रक्कम लहान आहे, पण खेळ मोडत नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तर ठरीव दरपत्रकच नाही. पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या साध्या मंत्राला १० ते ५० मोहरा, एवढा अंदाज दिलाय.

विक्री दोन मोहिमांच्या मधल्या काळात करा, आणि शक्यतो दोन शनिवारांच्या मध्ये डीएमला मेसेज करून उरका. टेबलावरचा वेळ सगळ्यांचा असतो. मुक्कामाला धोका असेल तर उपचाराचे निदान दोन मंत्र पहाटेपर्यंत विकू नका, गिऱ्हाईक कितीही गळ घालो.

आणि मोबदला मोहरांतच घ्यायला हवा असं नाही. माझ्या आताच्या क्लेरिकने एका गुराख्याच्या पोराचा ताप उतरवला. गुराख्याने नदीचा उतार दाखवला, चौघंही सुखरूप पलीकडे गेलो. त्यांत तो मित्रही होता.