ओन्ली, फक्त आणि आपला 'च' : इंग्रजी वाक्यात ओन्ली कुठे ठेवायचा?



तिसरी-चौथीपासून मुलांच्या वहीत ओन्ली हा शब्द दिसू लागतो. अर्थ विचारला तर सगळा वर्ग एका सुरात सांगतो, "फक्त!" अर्थ बरोबर आहे. पण वाक्यं लिहायला दिली की "आय लिव्ह इन सातारा ओन्ली", "ही इज माय ब्रदर ओन्ली" अशी वाक्यं येतात. अर्थ पाठ असूनही असं का होतं? कारण लिहिताना मुलं ओन्ली हा 'फक्त'च्या जागी नाही, तर 'च'च्या जागी वापरतात. आणि मराठीतला च दोन वेगळी कामं करतो. ओन्ली त्यातलं एकच काम करतो. आजच्या पाठात हा फरक बघू या.

(इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. मोठ्यानं वाचा, म्हणजे जोर कुठे येतो ते कळेल.)

१) ओन्लीचं मुख्य काम : मर्यादा घालणं

आय हॅव ओन्ली टेन रुपीज. माझ्याकडे दहाच रुपये आहेत. म्हणजे अकरावा रुपया नाही.

ओन्लीच्या पोटात असा एक 'नाही' लपलेला असतो. म्हणून वर्गात ओन्ली आला की मुलांना एवढंच विचारायचं, "मग काय नाही?"

घरातली दोन उदाहरणं दाखवा. चेकवर "रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली" लिहितात, मराठीत "रुपये पाचशे मात्र" किंवा "पाचशे फक्त". पुढे कोणी अक्षरं जोडून रक्कम वाढवू नये, म्हणून तिथे कुंपण घातलेलं असतं. दुसरं, मलमाच्या ट्यूबवर "फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली" असतं. बाहेरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही. हा लपलेला 'नाही' मुलांना वाचता येणं किती गरजेचं आहे, हे इथे वेगळं सांगायला नको.

सेमी इंग्रजीच्या गणितातही तो उपयोगी पडतो. "ओन्ली ट्वेल्व्ह ऑफ द थर्टी चिल्ड्रन केम बाय बस" हे वाचल्यावर "बाकीचे १८ बसने आले नाहीत" हे ज्याला दिसलं, त्याचं अर्धं गणित तिथेच सुटलं.

२) जागा बदलली की अर्थ बदलतो

मराठीत च शब्दाच्या मागे चिकटतो. इंग्रजीत ओन्ली बहुतेक वेळा शब्दाच्या पुढे उभा राहतो. एकच वाक्य घेऊ : मीना एट टू बनानाज इन द मॉर्निंग.

- ओन्ली मीना एट टू बनानाज इन द मॉर्निंग. (मीनानेच खाल्ली, दुसऱ्या कोणी दोन खाल्ली नाहीत.)
- मीना एट ओन्ली टू बनानाज इन द मॉर्निंग. (दोनच खाल्ली, तिसरं नाही.)
- मीना एट टू बनानाज ओन्ली इन द मॉर्निंग. (सकाळीच खाल्ली, दुपारी किंवा रात्री नाही.)

लिहिण्यासाठी नियम सोपा : ज्या शब्दाला मर्यादा घालायची, त्याच्या अगदी आधी ओन्ली ठेवा. पाट्यांवर मात्र तो शेवटी येतो. "लेडीज ओन्ली", "स्टाफ ओन्ली". तिथे पूर्ण वाक्यच नसतं, त्यामुळे घोटाळा होत नाही.

आता "मीना ओन्ली एट टू बनानाज" हे चूक का? नाही. इंग्रजी बोलणारे लोक ओन्ली सहसा क्रियापदाच्या आधी टाकतात आणि ज्या शब्दावर मर्यादा आहे तो जोरात उच्चारतात. 'टू'वर जोर दिला तर दोनच, 'बनानाज'वर दिला तर केळीच. इंग्रजीच्या वापरावर प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलर यांनीही १९२६ साली, गैरसमजाची शक्यता नसेल तर अशा रचनेला दोष देऊ नये अशीच बाजू घेतली होती. तेव्हा संदर्भ स्पष्ट असेल तर त्यावर लाल शाई नको.

३) खरी अडचण : आपला च

ही दोन वाक्यं बघा.

- मला दोनच लाडू मिळाले.
- मी इथेच राहते.

पहिल्या वाक्यात च मर्यादा घालतो. दुसऱ्यात तो ठासून सांगतो. "हो हो, इथेच, जवळच." दुसरीकडे घर नाही असं तिला म्हणायचं नाही. ओन्लीला हे दुसरं काम प्रमाण इंग्रजीत येत नाही.

यासाठी 'फक्त'ची कसोटी लावायची. च काढा, त्या शब्दाच्या आधी फक्त घाला आणि वाक्य वाचा. अर्थ तोच राहिला तर ओन्ली चालेल.

"मला फक्त दोन लाडू मिळाले." अर्थ तोच. ओन्ली चालेल.
"मी फक्त इथे राहते." अर्थ बदलला. ओन्ली नको.
"तो फक्त माझा भाऊ आहे." भलताच अर्थ! ओन्ली नको.

मग ठासून सांगायचं कसं? इंग्रजीत त्यासाठी वेगवेगळी साधनं आहेत :

- मी इथेच राहते. : आय लिव्ह राइट हिअर.
- मला हेच पुस्तक हवं होतं. : धिस इज द व्हेरी बुक आय वाँटेड.
- मी स्वतःच चित्र काढलं. : आय ड्रू द पिक्चर मायसेल्फ.
- तो असाच आहे. : दॅट्स जस्ट द वे ही इज.
- तिने गृहपाठ केलाच. : शी डिड डू हर होमवर्क.

आपल्याकडे बोलताना "आय ॲम हिअर ओन्ली" सगळ्यांना समजतं, भारतीय इंग्रजीची ती ओळखच झाली आहे. म्हणून मुलांना हसू नका. मूल मराठीतला च प्रामाणिकपणे इंग्रजीत नेत असतं. फक्त लिहिताना दुसरी रचना शिकवा, कारण बाहेरचा वाचक तिथे मर्यादाच वाचेल.

४) वेळेच्या बाबतीत थोडी सूट

"तो कालच आला" याला फक्तची कसोटी लागू पडत नाही, तरी "ही केम ओन्ली येस्टरडे" हे बरोबर आहे. इथे अर्थ "फार दिवस झाले नाहीत" असा. तसंच "द शॉप ओपन्स ओन्ली ॲट टेन", म्हणजे दहालाच उघडतं, त्याआधी नाही. दोन्हीकडे पोटातला 'नाही' आहेच, बघा.

५) एका छोट्या शब्दाची गंमत

ही इज ओन्ली अ चाइल्ड. : तो अजून लहानच आहे.
ही इज ॲन ओन्ली चाइल्ड. : तो एकुलता एक आहे.

दुसऱ्या वाक्यात ओन्ली हे विशेषण आहे. 'द ओन्ली' म्हणजे एकमेव : शी इज द ओन्ली गर्ल इन द टीम.

६) वर्गात घेण्याचा उपक्रम

एका वाक्यातले शब्द कार्डांवर लिहून मुलांच्या हातात द्या आणि ओळीत उभं करा. ओन्लीचं कार्ड एका मुलाकडे. तो जिथे घुसेल, त्यानंतरच्या शब्दाला बाकीची मुलं मराठीत च लावून वाक्य म्हणतील. मग सगळ्यांनी विचारायचं, "मग काय नाही?" दहा-पंधरा मिनिटं पुरतात. घरी पालक चिठ्ठ्यांवर हाच खेळ घेऊ शकतात.

७) आपल्यासाठीही

प्रश्नपत्रिकेत सूचना लिहिताना आपणही जागा बघायला हवी. "यूज अ पेन्सिल ओन्ली फॉर डायग्राम्स" म्हणजे पेन्सिल आकृत्यांपुरतीच, इतरत्र नको. "यूज ओन्ली अ पेन्सिल फॉर डायग्राम्स" म्हणजे आकृत्या पेन्सिलनेच, पेनने नको. सूचना नीट वाचणाऱ्या मुलाचे गुण आपल्या एका शब्दाच्या जागेमुळे जायला नकोत.

स्वाध्याय : ओन्ली चालेल की नाही?

१) आज पाचच मुलं आली. २) माझी शाळा याच रस्त्यावर आहे. ३) रविवारीच बाजार भरतो. ४) आईनेच मला शिकवलं, क्लास नव्हता.

उत्तरं : १) चालेल. २) नाही, 'ऑन धिस व्हेरी रोड' म्हणा. ३) चालेल. ४) चालेल, "ओन्ली माय मदर टॉट मी", कारण 'दुसऱ्या कोणी नाही' हे वाक्यातच आहे.

चौथ्या वाक्यावर मुलांशी जरूर बोला. "क्लास नव्हता" हे शब्द काढले तर च ठासून सांगणाराही असू शकतो. ते कसं, हे मुलांनाच शोधू द्या.