वितळलेल्या काचेचा व्यवसाय : भट्टीपासून हस्तकला मेळ्यापर्यंत

हस्तकला मेळ्यातील एखाद्या गाळ्यासमोर ग्राहक थबकतो. समोर मांडलेली निळी-हिरवी काचेची थाळी उचलतो, उजेडासमोर धरतो, उलटी करून पाहतो आणि किंमत विचारतो. "पंधराशे रुपये" हे उत्तर ऐकताच थाळी पुन्हा जागेवर ठेवली जाते. "काचेचीच तर आहे," असा शेराही बहुधा ऐकू येतो. ही किंमत कशी ठरली हे ग्राहकाला ठाऊक नसते, यात नवल नाही. परंतु पुष्कळदा ती विक्रेत्यालाही नीट ठाऊक नसते आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

'फ्यूज्ड ग्लास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कलेत काच फुंकली जात नाही. रंगीत काचेचे सपाट तुकडे एकमेकांवर रचून विजेच्या भट्टीत तापवितात. सुमारे 800 अंश सेल्सियसला ते मऊ होऊन एकजीव होतात. तयार झालेला सपाट तुकडा दुसऱ्या वेळी साच्यावर ठेवून सुमारे 650 ते 680 अंशांपर्यंत तापविला, की तो स्वतःच्या भाराने साच्यात वाकतो आणि त्याची थाळी किंवा वाडगा बनतो. तत्त्व जुनेच आहे. काच फुंकण्याची युक्ती इसवी सनपूर्व पहिल्या शतकात सापडली. त्यापूर्वीच भूमध्य समुद्राकाठचे कारागीर रंगीत काचकांड्यांच्या चकत्या जुळवून, त्या भाजून वाडगे घडवीत असत. फुंकलेली काच स्वस्त आणि झटपट होऊ लागल्यावर ही पद्धत मागे पडली. विसाव्या शतकात तिला पुन्हा दिवस आले. अमेरिकेत शिकागो येथे हिगिन्स दांपत्याने 1948 मध्ये आपली कार्यशाळा काढली, तर 1974 मध्ये ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे सुरू झालेल्या बुल्सआय कंपनीने पुढे खास याच कामासाठी एकमेकींशी जुळणाऱ्या रंगीत काचा उपलब्ध करून दिल्या.

भारतात काच म्हटले की फिरोजाबाद आठवते. मराठी वाचकाला त्याबरोबर 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे निघालेला पैसा फंडाचा काच कारखाना आणि ओगलेवाडीचे प्रभाकर कंदीलही आठवतील. परंतु ते मोठ्या भट्ट्यांचे आणि अनेक हातांचे काम. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या निर्णयानंतर फिरोजाबादसह त्या परिसरातील उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. फ्यूज्ड ग्लासची भट्टी मात्र एखाद्या धान्याच्या कोठीएवढी असते, विजेवर चालते आणि घराच्या मागील खोलीतही बसविता येते. म्हणूनच मोठ्या शहरांतील अनेक हौशी कलावंत, विशेषतः गृहिणी आणि निवृत्त व्यक्ती, या कलेकडे वळलेल्या दिसतात. छंद जेव्हा व्यवसाय होऊ पाहतो, तेव्हा मात्र काचेचे काही स्वभावधर्म ताळेबंदात उतरतात. ते समजून घेणे कर्ज मागणाऱ्याला जितके आवश्यक, तितकेच ते देणाऱ्यालाही आहे.

काचेचा स्वभाव

प्रत्येक काच तापली की प्रसरण पावते आणि निवली की आकुंचन पावते. फ्यूजिंगसाठी विकल्या जाणाऱ्या काचांवर 90 किंवा 96 असा आकडा छापलेला असतो, तो या प्रसरणाचा निर्देशांक होय. 90 क्रमांकाची एक मीटर लांबीची कांडी शंभर अंश तापविली, तर ती साधारण 0.9 मिलिमीटरने वाढते. 96 क्रमांकाची त्याहून किंचित अधिक. फरक केसाएवढा वाटतो. परंतु या दोन काचा वितळवून एकत्र जोडल्या आणि निवू दिल्या, तर एक दुसरीपेक्षा अधिक आकसते आणि सांध्यात ताण कोंडून राहतो. भट्टीतून निघताना वस्तू सुंदर दिसते. ती तडकते दुसऱ्या दिवशी, कधी तीन आठवड्यांनी, कधी ग्राहकाच्या दिवाणखान्यात. या व्यवसायातील सर्वांत महाग नुकसान हेच. कारण तेव्हा काचेबरोबर विश्वासही तडकलेला असतो आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

रद्दीच्या दुकानातील बाटली, खिडकीची काच आणि आयात केलेली रंगीत काच एकत्र करून पैसे वाचविण्याचा मोह नवशिक्याला हमखास होतो. तो टाळावा. खिडकीची काच स्वस्त असते व तिच्याही उत्तम वस्तू होतात. मात्र सर्व तुकडे एकाच तावातून कापलेले असावेत, आणि रंग हवा असल्यास त्या काचेसाठी बनविलेले मुलामेच वापरावेत. टफन्ड काच तर घेऊच नये. हिरकणी चालविताच तिचा चुरा होतो.

ताणाचे दुसरे कारण घाई. भट्टी कमाल तापमानावरून उतरताना 90 क्रमांकाच्या काचेला 482 अंशांजवळ थांबवावे लागते. सहा मिलिमीटर जाडीच्या वस्तूसाठी हा थांबा सुमारे एक तासाचा असतो आणि त्यानंतर ताशी सुमारे ऐंशी अंश अशा मंद गतीने ती निववावी लागते. याला ॲनीलिंग म्हणतात. काचेला दिलेला विसावाच तो. जाडी दुप्पट झाली, तर हा काळ दुपटीहून पुष्कळ अधिक वाढतो. आत काय झाले हे पाहण्याच्या उत्सुकतेपोटी भट्टीचे झाकण लवकर उघडून महिन्याची कमाई गमावल्याचे प्रसंग या क्षेत्रात नवे नाहीत.

कोंडलेला ताण डोळ्यांना दिसत नाही, परंतु तो पाहता येतो. दोन पोलरायझिंग फिल्म एकमेकींवर आडव्या ठेवल्या की त्यांच्यामधून प्रकाश जवळजवळ दिसेनासा होतो. त्यांच्या मध्ये काचेची वस्तू धरून मागून दिवा लावला असता जेथे ताण आहे तेथे पांढुरकी प्रभा उमटते. मेळ्यास नेण्यापूर्वी प्रत्येक वस्तू अशी तपासणे काही मिनिटांचे काम आहे. खर्चही फारसा नाही. तरीही ही तपासणी करणारे थोडे आढळतात.

आणखी एक गुणधर्म हिशेबाला उपयोगी पडतो. वितळलेली काच पृष्ठताणामुळे सुमारे सहा मिलिमीटर जाडी धरू पाहते. तीन मिलिमीटरच्या दोन थरांची वस्तू आपला आकार राखते. एकच थर असेल तर ती कडांनी आत ओढली जाते, तीन थर असतील तर पसरते. म्हणजे एका थाळीस तिच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट काच लागणार हे आधीच ठरलेले असते. त्यात रंगांची भर पडते. गुलाबी काचेत सोन्याचा अंश असतो, म्हणून ती महाग. लाल, नारिंगी आणि पिवळ्या रंगांच्या अनेक काचांत कॅडमियमची संयुगे असतात. अशा वस्तू अन्नासाठी नव्हे, तर शोभेसाठी आहेत हे विक्रेत्याने चिठ्ठी लावून सांगावे. पुरवठादाराने त्या काचेबाबत अन्नसुरक्षेचे लेखी प्रमाणपत्र दिले असेल, तर गोष्ट निराळी.

थाळीची खरी किंमत

आता पंधराशे रुपयांकडे वळू. पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. वीस सेंटिमीटर चौरस थाळीस काच 350 रुपयांची, दोन्ही भाजण्यांची वीज 40 रुपये, भट्टीच्या फळीवरील लेप व कागद 20 रुपये आणि दीड तासाची मजुरी ताशी 150 रुपयांप्रमाणे 225 रुपये. बेरीज 635. दहा थाळ्यांमागे एक बिघडते असे धरले, तर दहांचा खर्च नऊ थाळ्यांवर पडतो आणि आकडा 706 वर जातो. वेष्टणाचे 40 रुपये मिळवून 746. भट्टी दीड लाखाची, आयुष्य पाच वर्षे आणि वर्षाला सहाशे थाळ्या असे मानल्यास घसाऱ्याचे प्रत्येकी 50 रुपये येतात. थाळी घराबाहेर पडताना 796 रुपयांची झालेली असते.

येथवर पुष्कळ जण येतात आणि उरलेले सातशे रुपये नफा समजून बसतात. मेळ्याचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. पाच दिवसांचे गाळाभाडे 15,000, प्रवास 6,000, राहणे-जेवण 7,000 आणि मालवाहतूक 4,000 असे एकूण 32,000 रुपये धरू. ऐंशी थाळ्या खपल्या तर प्रत्येकीवर 400 रुपयांचा भार येतो, एकूण खर्च 1,196 होतो आणि पाच दिवसांत 24,320 रुपये सुटतात. चाळीसच खपल्या तर तोच भार 800 होतो, थाळी 1,596 रुपयांना पडते आणि मेळा 3,840 रुपयांच्या तोट्यात जातो. ना नफा ना तोटा ही रेषा 46 थाळ्यांवर आहे. मेळ्याचा अर्ज भरण्यापूर्वी हा आकडा कागदावर मांडला, तर कोणता मेळा घ्यावा आणि कोणता सोडावा याचा निर्णय पुष्कळ सोपा होतो.

स्वतःची मजुरी न धरण्याची सवय मात्र येथे सर्वत्र दिसते, आणि गृहिणींच्या बाबतीत तर ती जवळजवळ नियमच आहे. दीड तासाचे 225 रुपये वगळले की थाळी स्वस्त वाटते, भाव खाली येतो आणि शेजारच्या गाळ्यालाही तो उतरवावा लागतो. पुढे मागणी वाढून मदतनीस ठेवण्याची वेळ आली, की त्या भावात त्याचा पगार निघत नाही. कर्जाच्या अर्जासोबतच्या प्रकल्प अहवालातही ही रक्कम गाळलेली असते. तेव्हा शाखाधिकाऱ्याने ती आवर्जून विचारावी.

थाळ्या कापताना उरलेल्या तुकड्यांतून लटकने, चुंबके, पेल्याखालच्या चकत्या होतात. भट्टीतील मोकळ्या जागेत त्या भाजल्या जातात, म्हणून त्यांचा वेगळा वीजखर्च नगण्य. दोन-तीनशे रुपयांच्या या वस्तू घासाघीस न होता खपतात आणि गाळ्याचे भाडे बहुधा त्यांतूनच निघते. थाळी गिऱ्हाइकाला थांबविते, लटकन घरी जाते, असा साधारण अनुभव आहे.

मेळ्याची निवड, कागदपत्रे आणि जोखीम

फरीदाबादजवळचा सूरजकुंड मेळा 1987 पासून भरत आला आहे आणि त्याचा काळ फेब्रुवारीचा असतो. आग्र्याचा ताज महोत्सवही त्याच महिन्यात, मुंबईचा काळा घोडा महोत्सवही त्याच सुमारास. म्हणजे सर्वांत मोठी विक्री एकाच ऋतूत एकवटते आणि एक भट्टी, एक जोडी हात यांना सर्वत्र पोहोचता येत नाही. दिल्लीतील आय.एन.ए. येथील दिल्ली हाट 1994 मध्ये सुरू झाले. तेथे कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी आळीपाळीने गाळे दिले जातात. शासकीय मेळ्यांत हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून मिळणारे कारागीर ओळखपत्र उपयोगी पडते.

परराज्यात माल विकताना वस्तू व सेवा कराचा प्रश्न येतो. एरवी अशा विक्रीसाठी 'प्रासंगिक करदाता' म्हणून नोंदणी करावी लागते. मात्र अधिसूचित हस्तकला वस्तूंच्या निर्मात्यांना, वार्षिक उलाढाल सर्वसाधारण राज्यांत 20 लाख रुपयांपर्यंत असल्यास, पॅन आणि ई-वे बिलाच्या अटीवर यातून सूट आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते की नाही, हे प्रवासाला निघण्यापूर्वी कर सल्लागाराकडून पाहून घ्यावे. राज्याच्या सीमेवर नव्हे.

30 एप्रिल 2025 रोजी दिल्ली हाटमध्ये लागलेल्या आगीत अनेक गाळे मालासह भस्मसात झाले. अनेक कारागीर वर्षभराचा माल घेऊनच मेळ्यास येतात, त्यामुळे अशा एका रात्रीत केवळ नफा नव्हे, तर पुढील वर्षाचे भांडवलही जाते. मालाचा विमा घरच्या पत्त्यापुरता आहे की गाळ्यालाही लागू आहे, हे पॉलिसीत वाचावे. वाहतुकीच्या विम्यात काचेच्या फुटीला पुष्कळदा वेगळी अट असते, तीही पाहावी.

कर्ज कशासाठी, किती

भट्टी ही स्थिर मालमत्ता. तिच्यासाठी मुदत कर्ज योग्य. काच, लेप आणि वेष्टण यांना खेळते भांडवल लागते. खेळत्या भांडवलातून भट्टी घेणाऱ्याची कोंडी ठरलेली असते, कारण पहिल्या मेळ्यापूर्वी काच घ्यायला पैसे उरत नाहीत. मुद्रा योजनेत 50,000 रुपयांपर्यंत शिशू, त्यापुढे 5 लाखांपर्यंत किशोर आणि 10 लाखांपर्यंत तरुण असे तारणमुक्त गट आहेत. वर मानलेली भट्टी किशोर गटात बसते. उत्पन्न ऑक्टोबर ते फेब्रुवारीत आणि हप्ता मात्र बारा महिने, ही विसंगती मंजुरीच्या वेळीच बोलून घ्यावी. पहिली विक्री होईपर्यंत मुद्दलाच्या परतफेडीत सवलत मागणे गैर नाही.

अर्जापूर्वी विजेच्या मंजूर भाराकडेही पाहावे. घरातील पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर 230 व्होल्टला जेमतेम साडेतीन किलोवॅटचे उपकरण चालते. त्याहून मोठ्या भट्टीस स्वतंत्र जोडणी आणि वाढीव भार लागतो. हा खर्च दरपत्रकात नसतो, त्यामुळे भट्टी दारात येऊनही महिनाभर बंद राहण्याची वेळ येते.

पुरवठादार एकच असण्याचा धोका 2016 मध्ये जगभरच्या कारागिरांना जाणवला. 96 क्रमांकाच्या काचेची प्रमुख उत्पादक असलेल्या वॉशिंग्टन राज्यातील स्पेक्ट्रम कंपनीने त्या वर्षी कारखाना बंद केला. ते उत्पादन पुढे दुसऱ्या कंपनीने घेतले, परंतु मधल्या काळात अनेकांनी हाती लागेल ती काच साठविली. आयात काचेवर अवलंबून असणाऱ्याने आपल्या नेहमीच्या तीन-चार रंगांचा एका हंगामापुरता साठा ठेवावा. चाळीस रंगांचे एकेक ताव घेऊन पैसे अडकवू नयेत.

मेळ्यातील विक्री यूपीआयने थेट चालू खात्यात घेतली, तर रोजच्या विक्रीची नोंद आपोआप राहते आणि पुढील वर्षी कर्जमर्यादा वाढवून मागताना तोच पुरावा ठरतो. रोख आलेली रक्कमही दुसऱ्या सकाळी जवळच्या शाखेत भरावी. त्याबरोबर गाळ्यावर एक साधी वही असावी. कोणती वस्तू किती वेळा उचलली गेली आणि किती वेळा परत ठेवली गेली, कोणत्या भावाला ग्राहक अडखळला, कोणता रंग तिसऱ्या दिवशीच संपला, हे तिच्यात संध्याकाळी लिहावे. शेवटच्या दिवशी उरलेल्या थाळ्या कागदात गुंडाळताना प्रत्येकीच्या पाठीवरील भाजणीची तारीख आणि क्रमांक त्याच वहीत उतरवून घ्यावा, म्हणजे पुढे एखादी तडकलेली थाळी परत आली, तर त्याच भाजणीतील बाकीच्या थाळ्या विक्रीतून काढता येतात.