मुलांचा धावण्याचा वर्ग : नाव घालावे काय?



लागण नोंदीला गटात फिरताना ऊस बाजूला राहतो आणि भलताच सवाल येतो. "साहेब, मेहकरले पोरायले पयाले शिकवतात म्हणे. नऊ वर्साच्या पोराले टाकू काय?"

टाका, मुलीलाही टाका. पण पैसे भरण्याआधी एक सकाळ मैदानाच्या कडेला उभे राहून पाहा. पोरे शिवाशिवी, उड्या, लहान धावा करीत असतील तर ठीक. डांबरी सडकेवर कोसभर रेटीत असतील तर आपले पोर घरी आणा. वाढत्या हाडांची टोके कोवळी असतात. टाच-गुडघा दुखू लागला की विश्रांतीच हवी. 2006 साली ओडिशात चार वर्षांच्या बुधिया सिंगला 65 किलोमीटर पळविले. शेवटी तो कोसळला. उलट बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे स्टीपलचेसकडे वळले ते सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडून. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले. कोवळ्या रोपाला मोठ्या बांधणीची माती पहिल्याच महिन्यात कोण लावतो?

फी किती, हे त्या सभासदांना पाठ होते. पोराला पळायला आवडते का, एवढे विचारायचे राहिले होते. विचारून सांगतो म्हणाले.