गाव सोडण्यापूर्वी

शालान्त परीक्षेनंतर आपल्यापैकी पुष्कळ जण उच्च शिक्षणार्थ पुण्यामुंबईस जातात. तेथे “सोलापुरात काय आहे?” असे कोणी विचारल्यास चादरीपलीकडे उत्तर सुचू नये, ही खेदाची गोष्ट होय. म्हणून निघण्यापूर्वी चार सुट्या आपण गावासाठी राखून ठेवू.

पहिल्या सुटीत भुईकोट किल्ला व त्याच्या शेजारचा सिद्धेश्वर तलाव पाहावा. बाराव्या शतकातील श्रीसिद्धरामेश्वरांनी हा तलाव खोदविला, असे परंपरा सांगते. त्यांची वचने कानडीत आहेत. आपल्या पेठांतून मराठीबरोबर कानडी, तेलुगु व उर्दू का ऐकू येतात, या अभ्यासाचा आरंभ येथेच करावा.

दुसऱ्या सुटीत चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जावे. मे १९३० मध्ये शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्यास फाशी झाली. हे चौघे एका जातीधर्माचे नव्हते, हे नावांवरूनच ध्यानात येते.

तिसरी सुटी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकासाठी. १९१० साली येथे जन्मलेले हे डॉक्टर १९३८ साली चीनला गेले आणि जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत १९४२ साली तेथेच निवर्तले.

चौथी सुटी मात्र घरीच घालवावी. १८७७ साली स्थापन झालेली जुनी गिरणी आज बंद आहे; पण गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्यांचा दिवस चाले, अशी वडीलधारी माणसे अद्याप आहेत. त्यांना विचारून लिहून घ्यावे. किल्ला पुढल्या सुटीतही भेटेल. आजोबांविषयी तशी खात्री कोणी द्यावी?