‘वात’ कसा मोजतात?

घरात कोणाला ताप आला की आपण तापमापी लावतो. सकाळी पारा १०२ अंशांवर होता आणि संध्याकाळी १०० वर आला, तर ताप उतरतो आहे याबद्दल वाद होत नाही. रक्तदाब, वजन, रक्तातील साखर याही गोष्टी अशाच आकड्यांत सांगता येतात. पण आजीचे गुडघे ‘फार’ दुखतात आणि शेजारच्या काकांची बोटे ‘जराशी’ आखडली आहेत, तर हे ‘फार’ आणि ‘जराशी’ कशाने मोजायचे? सांध्यांच्या दुखण्याची तापमापी कोणत्याही दुकानात मिळत नाही. तरीही डॉक्टर ते मोजतात, आणि त्या मोजण्यावर रुग्णाचे हातपाय शाबूत राहणे अवलंबून असते. ते कसे, हे आता पाहू.

सातारा-सांगलीकडे सांधे धरले की माणसे एका शब्दात मोकळी होतात : ‘वात हाय.’ शब्द सोयीचा खरा, पण त्याच्या पोटात शंभरावर निरनिराळे रोग आहेत. वयाबरोबर गुडघ्यातील कूर्चा झिजते, तो एक. रक्तात युरिक आम्ल वाढून पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद सुजतो, तो दुसरा. ऐन तारुण्यात पाठीचा कणा ताठ करणारा तिसरा. आणि शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर उलटते, तो चौथा. या चौथ्याला मराठीत आमवात आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात. हा पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो, तोही बहुधा कामाच्या वयात. वेळीच आवरला नाही, तर सुजलेले अस्तर शेजारचे हाड कुरतडते, बोटे वाकडी होतात आणि वाकलेली बोटे औषधाने पुन्हा सरळ होत नाहीत. आज आपण मुख्यतः त्याचाच विचार करू.

कल्पना करा : वाळवे तालुक्यातील एका गावातून चाळिशीच्या एक बाई मिरजेच्या रुग्णालयात आल्या आहेत. डॉक्टर विचारतात, “मावशी, काय होतंय?” उत्तर येते, “समदं आंग धरलंय बघा.” या वाक्यात दुखणे आहे, पण माप नाही. मग पहिला प्रश्न घड्याळाचा : सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो? झिजेच्या दुखण्यात हा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. आमवातात तो तासभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो. बाई घड्याळ पाहत नसतील, तर चूल पेटवण्यापासून पहिली एस. टी. जाईपर्यंत, असेही मोजता येते.

आता पाळी सांध्यांची. डॉक्टर दोन्ही बाजूंचे खांदे, कोपरे, मनगटे, हाताच्या मुठीचे दहा सांधे, बोटांच्या मधले दहा सांधे आणि गुडघे तपासतात. बेरीज करून पाहा, २८ भरते. प्रत्येक सांधा अंगठ्याने दाबायचा. दाब किती? तपासणाऱ्याच्या अंगठ्याचे नख पांढुरके पडेल इतका. नियम साधा आहे, पण त्यामुळे मिरजेचे डॉक्टर आणि कराडचे डॉक्टर साधारण सारख्याच जोराने दाबतात. दाबल्यावर दुखणारे सांधे वेगळे मोजायचे आणि सुजलेले वेगळे. दुखते ते रुग्ण सांगतो, सूज बोटांना कळते. पावसात भिजलेल्या चिखलासारखी ती मऊ लागते. झिजेच्या बोटांवरील गाठी मात्र हाडासारख्या टणक असतात. आपल्या बाईंचे १२ सांधे दुखरे आणि ९ सुजलेले निघाले.

नंतर एक कागद पुढे येतो. त्यावर १०० मिलिमीटर लांबीची आडवी रेघ असते, डाव्या टोकाला ‘अगदी ठीक’, उजव्या टोकाला ‘याहून वाईट असूच शकत नाही’. ‘तुमची तब्येत या रेघेवर कुठे आहे, तिथे खूण करा.’ ती खूण पट्टीने मोजतात. तुम्ही म्हणाल, हे कसले शास्त्र! मनाला येईल तिथे खूण होणार. शंका रास्त आहे. दोन माणसांच्या खुणांची तुलना करण्यात फारसा अर्थ नसतोच. पण एकाच माणसाची आजची खूण आणि तीन महिन्यांनंतरची खूण यांची तुलना पुष्कळ काही सांगते. शिवाय दुखणे रुग्णाचे असल्याने साक्षही त्याचीच घ्यावी लागते. आपल्या बाईंची खूण ६० वर पडली.

चौथा आकडा रक्ताचा. पावसाळ्यात कृष्णेचे गढूळ पाणी भांड्यात ठेवले तर गाळ बसायला वेळ लागतो, पण तुरटी फिरवली की तो लवकर बसतो, हे तुम्ही पाहिले असेल. तुरटीमुळे गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, मोठे होतात आणि झपाट्याने खाली जातात. रक्ताचेही असेच आहे. तांबड्या पेशींवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात आणि सावकाश खाली बसतात. शरीरात कोठे दाह चालू असला की रक्तरसात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन वाढते. त्याच्यामुळे हे परस्परांना लोटणे कमी पडते, आणि पेशी भाकरीच्या चवडीसारख्या एकीवर एक बसतात. ही चवड जड असल्याने भरभर खाली उतरते. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात, उभ्या काचनळीत भरतात आणि एका तासात वरचा पिवळसर थर किती मिलिमीटर झाला ते पाहतात. पोलंडमधील बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये या अवसादन-वेगाचा उपयोग सुचवला होता. आज प्रचारात असलेली पद्धत स्वीडनचे वेस्टरग्रेन यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती १९२१ च्या सुमाराची आहे. इतकी जुनी, इतकी स्वस्त आणि अजून कामाला येणारी चाचणी विरळाच. निरोगी तरुण माणसात हा आकडा साधारण १५ ते २० च्या आत असतो. आपल्या बाईंचा ६४ आला. तरी एक सावधगिरी : रक्तक्षय असला तरीही पेशी लवकर बसतात. आपल्याकडे कितीतरी स्त्रियांना रक्तक्षय असतो. त्यामुळे या एका आकड्यावर विसंबून ‘वात आहे’ असे म्हणणे चुकीचे ठरते.

हाती आता चार आकडे आले : १२, ९, ६४ आणि ६०. यांचे करायचे काय? नुसती बेरीज करता येणार नाही. सांधे आणि मिलिमीटर म्हणजे आंबे आणि किलोमीटर. नेदरलँड्समधील निमेगेनच्या संशोधकांनी कितीतरी रुग्णांच्या नोंदी तपासून यासाठी एक सूत्र बसवले. २८ सांध्यांचे त्याचे रूप १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून त्याला ‘डास-२८’ म्हणतात. (मलेरियाशी याचा संबंध नाही, बरे का!) सूत्र असे :

गुणांक = ०.५६ × √(दुखरे सांधे) + ०.२८ × √(सुजलेले सांधे) + ०.७० × (अवसादन-वेगाचा नैसर्गिक लॉगॅरिथम) + ०.०१४ × (रेघेवरील खूण)

वर्गमूळ कशाला? एकही सांधा दुखत नसताना चार दुखू लागणे ही मोठी घटना आहे. २४ दुखत असताना आणखी चार वाढणे तितकी मोठी नाही. वर्गमूळ नेमके हेच करते : √४ − √० = २, तर √२८ − √२४ फक्त ०.३९. लॉगॅरिथमचे कामही असेच. वर्गात ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्याला हे उदाहरण जरूर सांगा.

आता आकडे घालू. ०.५६ × ३.४६ = १.९४. ०.२८ × ३ = ०.८४. ६४ चा नैसर्गिक लॉगॅरिथम ४.१६, म्हणून ०.७० × ४.१६ = २.९१. ०.०१४ × ६० = ०.८४. एकूण ६.५३. गुणांक ५.१ च्या वर असला तर रोग जोरात आहे, ३.२ ते ५.१ मध्यम, त्याखाली सौम्य, आणि २.६ च्या खाली गेला तर रोग जवळजवळ निवला असे मानतात. बाईंचा रोग जोरात आहे. त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू केले. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते.

तीन महिन्यांनी बाई हसतमुखाने येतात. “निम्म्यानं उतार पडलाय. आता गोळ्या बंद केल्या तर चालंल का?” नव्या तपासणीत दुखरे सांधे ६, सुजलेले ४, अवसादन-वेग २५, खूण ३०. सूत्रात घाला : १.३७ + ०.५६ + २.२५ + ०.४२ = ४.६०. घट १.९३ ची आहे. अशा मोजणीत थोडी चूक राहतेच, म्हणून १.२ पेक्षा जास्त फरक पडला तरच तो खरा सुधार धरतात. तेव्हा बाईंना वाटते ते खोटे नाही. पण ४.६० म्हणजे रोग अजून मध्यम आहे, चार सांध्यांत सूज आहे आणि आत हाड कुरतडणे चालू असू शकते. गोळ्या बंद तर नाहीतच, उलट मात्रा वाढवावी लागेल. ‘बरे वाटते’ आणि ‘बरे झाले’ यांतील अंतर या आकड्याने दाखवले. तो नसता तर दोघांनीही समाधान मानले असते.

नुसत्या मोजण्याने खरोखर एवढा फरक पडतो का? ग्लासगोमध्ये ११० रुग्णांवर हे तपासले गेले आणि निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटातील रुग्णांना दर महिन्याला तपासून, असाच गुणांक काढून, तो ठरलेल्या मर्यादेखाली येईपर्यंत उपचार वाढवत नेले. दुसऱ्या गटाला तीन महिन्यांनी तपासले आणि उपचार नेहमीच्या अंदाजाने दिले. दीड वर्षानंतर पहिल्या गटात शंभरी ६५ जणांचा रोग निवला होता, दुसऱ्यात शंभरी १६ जणांचा. यात कोणतेही जादूचे नवे औषध नव्हते.

सूत्रालाही खोड आहे, आणि ती आपल्या भागात विशेष जाणवते. २८ सांध्यांत पावलांचा एकही सांधा नाही. पाटण-जावळीच्या वाफ्यांत अनवाणी भातलावणी करणाऱ्या बाईचे दोन्ही तळपाय सुजले असतील, तरी गणतीत ते शून्यच! म्हणून चांगला डॉक्टर चपला काढायला लावतो. दुसरी अडचण प्रयोगशाळेची. रक्ततपासणीची सोय जवळ नसेल तेथे दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाचे दहापैकी गुण आणि डॉक्टरांचे दहापैकी गुण यांची सरळ बेरीज करण्याची एक पद्धत आहे. तिच्यात २२ च्या वर गेले तर रोग जोरात. लॉगॅरिथम नाही, रक्तही नाही. खेड्यातल्या दवाखान्याला मला तर हीच जास्त सोयीची वाटते.

रोग किती हे कळले, पण माणसाला काय काय करता येते? त्यासाठी अमेरिकेत स्टॅनफर्डला तयार झालेली प्रश्नावली १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक कामाला ० (सहज जमते) ते ३ (जमतच नाही) असे गुण. पण तिच्यात टबमध्ये अंघोळ करता येते का, मोटारीचे दार उघडता येते का, असे प्रश्न होते! आपल्याकडच्या डॉक्टरांनी ते बदलून मांडी घालून बसणे, शौचाला उकिडवे बसणे असे प्रश्न घातले. इस्लामपूरकडच्या बाईला विचारायचे तर भाकरी थापणे, खुरप्याची मूठ धरणे, हंडा उचलणे. माप त्या माणसाच्या जगण्यातले हवे.

आतापर्यंत एका माणसातला रोग मोजला. गावात रोगी किती, ही मोजणी वेगळी. सातारा जिल्ह्याला लागून पुणे जिल्हा आहे. त्यातील इंदापूर तालुक्यात भिगवण नावाचे गाव आहे. तेथे पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली घरोघर पाहणी केली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून तयार केले. कागदावर माणसाची आकृती काढलेली असे, आणि जेथे दुखते तेथे खूण करायची. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरी १८ जणांना, स्नायू-सांध्यांची काहीतरी तक्रार होती. पण आमवात निघाला तो हजारी सुमारे पाच जणांना. ‘वात हाय’ म्हणणाऱ्या गर्दीतून ही थोडी माणसे लवकर वेचून काढणे हेच अवघड काम आहे. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ५८ लाखांवर होती. त्यांत ४० लाख प्रौढ धरले आणि भिगवणचेच प्रमाण लावले, तर या दोन जिल्ह्यांत आमवाताचे २० हजार रुग्ण येतात. हा हिशेब अंदाजाचा आहे, हे विसरू नका. प्रमाण थोडे बदलले की उत्तर हजारोंनी बदलते.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रयोग. तरुणांचा कणा ताठ करणाऱ्या संधिवातासाठी शोबर या जर्मन डॉक्टरांनी १९३७ मध्ये एक चाचणी सुचवली. तिला लागते फक्त शिंप्याची टेप. मित्राला ताठ उभे करा. कमरेखाली पाठीवर दोन खळ्या दिसतात. त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर पेनाने खूण करा. तेथून १० सेंटिमीटर वर दुसरी खूण आणि ५ सेंटिमीटर खाली तिसरी. वरच्या व खालच्या खुणांतील अंतर झाले १५. आता गुडघे न वाकवता त्याला जमेल तितके पुढे वाकू द्या आणि अंतर पुन्हा मोजा. ते बहुधा २० किंवा अधिक भरेल, कारण वाकताना मणके एकमेकांपासून दूर जातात. थोडे कमी आले म्हणून कोणाला रोगी ठरवू नका, ते काम डॉक्टरांचे. त्याऐवजी असे करा : एकाच मित्राची पाठ तिघांनी वेगवेगळी मोजा, खुणाही प्रत्येकाने नव्याने करा, आणि आकडे एकमेकांना न दाखवता कागदावर लिहा. तिघांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते पाहा. मग तुमच्या मोजणीत किती सेंटिमीटरचा बदल दिसला तर तो खरा मानाल, ते तुमचे तुम्हीच ठरवा.